मधमाशीचे पाच डोळे

जगात ज्ञान ही एकच संपत्ती अशी आहे, की जी चोराला चोरता येत नाही. हे वाक्य मी नंदनवन वस्तीतल्या आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी बोललो, चौदा माणसांच्या टाळ्या घेतल्या, पायऱ्या उतरून खाली आलो, तर माझी चप्पल नव्हती.

नवी होती. आमच्या सौ. सुभद्राबाईंनी सीताबर्डीवर तीन दुकानं पालथी घालून आणलेली. मी अनवाणी उभा राहून घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात खालच्या पायरीवर बसलेला सात-आठ वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "आबाजी, पाय वर करा."

"काहून रे?"

"मोजाचा आहे."

त्याच्या गळ्यात शिंप्याचा पिवळा टेप होता. त्यानं माझा पाय मोजला, मग कोपऱ्यात बेवारशी उरलेला एक जोड मोजला आणि निकाल दिला. "चोर नाई आहे. चुकून घातली कोणीतरी. तुमची साडेनऊ इंच, त्याची साडेदहा. त्याले चावत असन. दहा मिनिटांत लंगडत येते पाहा."

पंधरा मिनिटांनी वाचनालयाचे सचिव गोविंदराव लंगडत आले.

"पाच मिनिटं चुकला तू," मागच्या पायरीवरून दुसरा मुलगा म्हणाला. हा थोडा मोठा, अकराएक वर्षांचा. पुस्तकातून डोकं वर न काढता तो पुढे म्हणाला, "ते सरबत प्याले थांबले असतीन, हे धरलंच नाई."

धाकटा गोलू, थोरला ऋषिकेश. बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. शाळा नाही का म्हणून विचारलं, तर गोलू म्हणाला, "आम्ही घरीच शिकतो."

"कोण शिकवतं?"

"आई. म्हणजे शिकवत नाई ती. काही विचारलं का म्हणते, जा, पाहून ये."

ही आई म्हणजे वंदना. आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहायची. राहायची म्हणतो, कारण तिला जाऊन आता चार महिने झाले. गोष्ट तिचीच आहे. मी मध्ये मध्ये येतो, तेवढं चालवून घ्या.

वंदना ब्लाउज शिवायची. नवरा सुशील हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर, कंपनीच्या बसनं जाणारा-येणारा, अबोल माणूस. ऋषिकेश तिसरीत असताना शाळेनं डायरीत लिहून पाठवलं होतं, "मुलगा वर्गात फार प्रश्न विचारतो. कृपया पालकांनी लक्ष द्यावे." वंदनानं लक्ष दिलं. मुलगा घरी आणला. गोलूला तर तिनं शाळेचं फाटकही दाखवलं नाही. गल्लीनं दोन महिने निरनिराळे तर्क केले. पोरं नापास झाली, काढून टाकली, काहीतरी आजार आहे. मग गल्लीला दुसरा विषय मिळाला.

मी तीस वर्षं एका दैनिकात विनोदी सदर लिहीत होतो. सदर मी बंद केलं असं मी सांगतो. संपादक वेगळं सांगतात. तर त्या सदरात एकदा मी या घरी शिकवण्याच्या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली होती. चपलेच्या प्रकरणानंतर आठवड्याभरानं वंदना घरी आली. तिच्या हातात त्या लेखाचं कात्रण होतं.

"काकाजी, हे तुमीच लिहिलं ना?"

लेखकाच्या आयुष्यात असे क्षण थोडे येतात. मी नम्रपणे हो म्हणालो.

"याच्यात सात गोष्टी चुकीच्या आहेत. पोरायनं काढल्या."

सुभद्राबाई आतून हसल्याचा आवाज आला. "सातच? बस वं वंदना, चहा घे."

वंदना बसली. मग म्हणाली, "तुमी आता रिकामेच असता. रोज तासभर पोरायले काहीबाही सांगत जा. पाच गोष्टी सांगा. चार खऱ्या आन् एक थाप. कोणती ते त्याइचं ते शोधतीन. तुमाले जड नाई जाणार."

अशा रीतीनं माझी शिक्षक म्हणून नेमणूक झाली. पात्रता एकच. सरळ चेहऱ्यानं खोटं बोलता येणे.

दोन वर्षं हे चाललं. रोज चार वाजता पोरं यायची, मी दिवाणावर बसायचो, ती खाली सतरंजीवर. गोलू वहीत पाचही वाक्यं लिहून घ्यायचा. वहीचं नाव थापांची वही. दुसऱ्या दिवशी चारच्या आत थाप धरायची, आणि नुसती धरून चालायचं नाही, पुरावा पाहिजे. 'आबाजीनं सांगितलं' हा पुरावा वंदनाच्या राज्यात धरला जात नसे. 'पुस्तकात आहे' याला अर्धा मार्क. 'पाहून आलो' याला पूर्ण.

एकदा मी सांगितलं, संत्र्यात नेहमी दहाच फोडी असतात. दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई स्वयंपाकघरातून ओरडत बाहेर आल्या. टोपलीतली अठरा संत्री सोलून पोरांनी ओळीनं मांडून ठेवली होती. कुठं नऊ, कुठं अकरा, एकात तेरा. त्या आठवड्यात आमच्याकडे जेवायला दुसरं काही नव्हतं. एकदा सांगितलं, झिरो माइलच्या खांबाजवळ पाच घोडे आहेत. पोरं मेट्रोनं जाऊन चार मोजून आली, आणि येताना ऋषिकेशनं त्या दगडावरची गावांची अंतरं उतरवून आणली, ती महिनाभर नकाशावर पडताळत बसला. मी पाच मिनिटांत थाप मारायचो, ती पोरांना महिनाभर पुरायची. हे मला आयुष्यात वाचकांच्या बाबतीतही जमलं नव्हतं.

संध्याकाळी वंदना मशीन थांबवून वही तपासायची. गोलू धावत येऊन सांगायचा, "आबाजी, आईनं पूर्ण मार्क दिले!" आणि मी हरल्याचं तोंड करायचो. ते करावं लागायचं नाही. पोरं खरंच हरवायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. ब्लाउजांचे दिवस होते, लग्नसराई होती, तिनं अंगावर काढलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. ऑगस्टपासून ती दवाखान्यातच होती. पोरांचा चारचा तास तिनं बंद करू दिला नाही. एरवी गोलू मागून न्यायचा तो टेप जाताना तिनं कायमचा त्याच्या गळ्यात घातला. म्हणाली, आता मले लागत नाई, तुमी मोजा.

ऑक्टोबरात एक दिवस सुशील पहिली पाळी करून सरळ माझ्याकडे आला. कंपनीचा निळा शर्ट तसाच. खुर्चीच्या कडेला बसला, आणि फरशीकडे पाहत बोलला.

"काकाजी, डॉक्टर म्हणते वीस-बावीस दिवस."

मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"पोरं रोज विचारून राहिले, आई कवा येईन. माह्या तोंडाकडे पाहिलं का त्याइले समजते, म्हणून मी त्याइच्याकडे पाहतच नाई. तुमी सांगा. दिवाळीच्या आत येते म्हणा." त्यानं मान वर केली. "तुमाले जमते ते. सरळ तोंडानं बोलणं."

तीस वर्षांत माझ्या कलेची इतकी कदर कोणी केली नव्हती.

मी नको म्हणायला हवं होतं. पण तो माणूस आयुष्यात पहिल्यांदाच काही मागत होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी तयारीला लागलो. आरशासमोर उभं राहून ते वाक्य चार वेळा म्हणून पाहिलं. कुठं ठेवायचं याचा विचार केला. शेवटी ठेवलं तर लक्षात राहतं, सुरुवातीला ठेवलं तर आवाज कापेल. म्हणून तिसरं ठेवलं, मधोमध. कडू गोळी गुळात ठेवतात तसं.

चार वाजता सांगितलं. पालीची तुटलेली शेपटी परत येते. कन्हान नदी वैनगंगेला मिळते. तुमची आई दिवाळीच्या आत घरी येईल. बांबू हे झाड नाही, गवत आहे. मधमाशीला पाच डोळे असतात.

गोलूनं पाचही वाक्यं लिहून घेतली. तिसऱ्यापाशी पेन्सिल अडखळली नाही. ऋषिकेशनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी चेहरा सरळ ठेवला. सुभद्राबाईंनी चिवडा आणला, पोरांनी खाल्ला. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गोलू एकटाच आला. दारातच उभा राहिला.

"आबाजी, काल थाप घातली होती ना तुमी?"

"घातली होती म्हणजे?" मी म्हणालो. "दोन वर्षांत एक दिवस तरी चुकलो काय?"

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं," तो म्हणाला, आणि गेला.

त्या दिवसापासून पोरं चारच्या तासाला आली नाहीत. सकाळपासून दवाखान्यातच असायची. ऋषिकेश आईचे पाय चेपायचा, तिला वाचून दाखवायचा. गोलू खाटेची उंची मोजायचा, सलाइनचे थेंब मिनिटाला किती पडतात ते मोजायचा आणि तिला सांगायचा. ती हसायची. सुशील मला म्हणाला, "काकाजी, तुमी काय जादू केली? आई कवा येईन हे पोरं विचारतच नाईत आता." मी म्हणालो, "अनुभव आहे." हे वाक्य मला अजून रात्रंदिवस ऐकू येतं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी वंदना गेली.

पोरं मला जाब विचारतील, तुम्ही तर दिवाळी म्हणाला होता, म्हणून मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. चांगलं उत्तर होतं. कोणी विचारलं नाही.

तेरावं झाल्यावर सुशीलनं पोरांना पुन्हा माझ्याकडे धाडलं. म्हणाला, "घरात काहीच बोलत नाईत. तुमच्यापाशी बोलतीन." पोरं आली. सतरंजीवर बसली. गोलूनं नवी वही आणली होती. पिवळा टेप त्यानं पहिल्याच दिवशी गळ्यातून काढून दिवाणावर ठेवला, आणि नंतर त्याला हात लावला नाही.

मी पाच गोष्टी सांगितल्या. त्यानं लिहून घेतल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, थाप कोणती? तो म्हणाला, "पाहिलं नाई." तिसऱ्या दिवशी तेच. ऋषिकेश तर खिडकीबाहेर पाहत बसायचा. आठवड्याभरानं मी हट्टाला पेटलो. म्हणालो, "हत्तीण दरवर्षी उन्हाळ्यात दोन अंडी देते."

गोलूनं खाली मान घालून लिहिलं. हत्तीण दरवर्षी उन्हाळ्यात दोन अंडी देते. मग पेन्सिल थांबवून म्हणाला, "पुढचं."

कुठलाही प्रश्न नाही. सांगाल ते लिहून घेतो. पोरगा शाळेत घालायच्या लायकीचा झाला होता.

सुशीललाही ते कळलं होतं. म्हणाला, "जूनपासून टाकून देतो शाळेत. आता घरी ठेवून काय? पहिले डोकं खात होते, काहून, कसं, कायले. आता नाई विचारत." मग हळूच म्हणाला, "वंदनेचं तेवढंच होतं पाहा काकाजी. पोरं विचारले पाहिजेत. तेवढं तरी राहाले पाहिजे होतं." मी मान हलवली. रडणाऱ्या माणसापुढे विनोदी लेखकाला दुसरं काही येत नाही.

गेल्या रविवारी ऋषिकेश थापांची जुनी वही घेऊन आला. "हे ठेवा तुमच्यापाशी," म्हणाला. "आता नाई लागत." आणि आल्या पावली परत गेला.

मी चष्मा लावून वही शेवटून उघडली. शेवटचं पान त्याच दिवसाचं होतं.

पालीच्या शेपटीपुढे लिहिलं होतं, खरं, बाथरूममध्ये पाहिली. कन्हान नदीपुढे, खरं, नकाशा. बांबूपुढे, खरं, नर्सरीवाल्या काकाले विचारलं. तिसऱ्या वाक्यापुढची जागा गोलूनं कोरी सोडली होती. आणि मधमाशीच्या वाक्याखाली गोलूनं दोनदा रेघ ओढून लिहिलं होतं, "हेच खोटं असन."

त्याच्या खाली उरलेलं पानभर मधमाशीच होती.

"वाचनालयातल्या पुस्तकात पाच लिहिले आहे. पण पुस्तक जुनं आहे." खाली, "बाबाच्या मोबाइलवर पाच दाखवते. पण मोबाइलवर काहीबी असते." खाली, "संत्र्याच्या गाडीवर मेलेली मधमाशी भेटली. आईच्या भिंगानं पाहिलं. दोनच आहेत!!" आणि त्याच्या खाली, "दादा म्हणे डोक्यावर पाह्य. डोक्यावर तीन बारीक." मग एका ओळीत एकच शब्द. "पाच."

नंतर दुसऱ्या दिवसाची तारीख. "आबाजीले विचारलं, थाप घातली होती काय. पक्कं म्हणे."

आणि वर, तिसऱ्या वाक्यापुढच्या त्या सोडलेल्या जागेत, ऋषिकेशच्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं, "खोटं. बाबाले सांगायचं नाई. त्याइले वाटते येईन."

त्या दिवशी मी एवढं मोठं खोटं बसवण्यात गुंतलो होतो, की रोजची थाप घालायचं विसरूनच गेलो. दोन वर्षांत तेवढा एकच दिवस. पोरांनी चार खऱ्या गोष्टी वजा केल्या, उरलं ते वाचलं. त्यातही गोलूनं सगळी आशा मधमाशीवर ठेवली होती. तीन ठिकाणी जाऊन पाहिलं. शेवटी माझ्या दारात येऊन विचारलं, आणि मी छाती पुढे काढून पक्कं म्हणालो. मधमाशीला मी तीनच डोळे दिले असते, तर?

सुभद्राबाईंना वही दाखवली. त्यांनी ती वाचली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दिवसाला एक थाप माराचं काम होतं. तेबी धड झालं नाई तुमच्यानं."

सोमवारी चार वाजता पोरं आली. मी दिवाणावर बसलो. वही मांडीवर होती. गोलूनं ती पाहिली आणि मान खाली घातली.

"त्या दिवशी मी चुकलो," मी म्हणालो. "रोजची थाप घालायची राहिली. तू विचारायला आलास तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी नुसती फुशारकी मारली."

ऋषिकेश खिडकीपासून वळला.

"म्हणजे दुसरी थाप नव्हतीच?"

"नव्हती."

"मंग आम्ही बरोबर होतो."

"हो. बरोबर होता."

तो विचार करत राहिला. हा मुलगा विचार करताना भुवया आईसारख्या जुळवतो, हे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"दुसरी घातली असती, तर आम्हाले समजलं नसतं."

"नसतं समजलं."

"मंग आम्ही रोज दवाखान्यात गेलो नसतो. तुमच्याकडेच आलो असतो चार वाजता." त्यानं भावाकडे पाहिलं. "गोलू म्हणे, आज क्रिकेट आहे, उद्या जाऊ. मी म्हटलं, उद्याचं नको धरू."

बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता. गोलूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आवाज न करता, आणि तो ते पुसत नव्हता.

"आईले माहीत होतं काय?" त्यानं विचारलं. "आम्हाले माहीत आहे, हे?"

चार महिन्यांतला त्याचा हा पहिला प्रश्न. आणि त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. 'हो' म्हणणं सोपं होतं. चेहराही तयार होता.

"मला माहीत नाही, बेटा," मी म्हणालो. "आता पाहून येण्यासारखंही नाही."

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, खूप वेळ. सुशीलच्या चेहऱ्याकडे बघत असेल तसा. मग त्यानं मान हलवली.

अशी शांतता मला सोसत नाही. आयुष्यभर मी असल्या शांततेत काहीतरी बोलून बसलो आहे. मी वही बाजूला ठेवली, घसा साफ केला आणि दोन्ही हात दिवाणावर आपटून म्हणालो, "ऐका. आजपासून हा म्हातारा एक अक्षर खोटं बोलणार नाही. जे सांगेन ते शंभर टक्के सत्य. सत्यापेक्षा मोठं काही नाही. या दिवाणाची शपथ. अस्सल सागवान, माझ्या लग्नातला, चांगला सात फूट लांब, आणि याच्यावर बसून मी तुम्हाला शब्द देतो..."

गोलूनं नाक ओढलं. दिवाणाच्या या टोकाकडे पाहिलं, मग त्या टोकाकडे. मग ऋषिकेशकडे. ऋषिकेशनं भुवया जुळवल्या होत्या. गोलूनं वही पुढे ओढली आणि पेन्सिल हातात घेतली.

"आबाजी," तो म्हणाला, "जरा उठता काय? टेपावर बसून राहिले तुमी."